भाऊ, तुझी ज्योत निळी आहे का?

रूमवर राहणाऱ्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक शेगडी असते. ती रोज जळते, पण तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. बर्नर कसा साफ करायचा, कुठे अजिबात हात लावायचा नाही आणि पिवळी ज्योत आपल्याला काय सांगत असते, याची ही गोष्ट. सुरुवात अर्थातच स्वतःच्या मूर्खपणापासून!

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. भंडाऱ्यात आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एक लाखांदूरचा, एक पवनीकडचा आणि मी. शेगडी एका सिनियरकडून घेतलेली, दोन बर्नरची, जरा जुनी. मेनू ठरलेला. सकाळी पोहे, रात्री भात आणि वरण, कधीतरी वांग्याची भाजी. धानाच्या जिल्ह्यातली पोरं आम्ही, भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटतच नाही. गंजात भात ठेवायचा आणि मोबाइल हातात घ्यायचा. मग व्हायचं तेच. पेज उतू जायची, बर्नरवर सांडायची आणि तिथेच जळून कोळसा व्हायची.

हळूहळू मोठ्या बर्नरची ज्योत मरायला लागली. एका बाजूने जळायची, दुसरी बाजू थंड. एका रविवारी मी मनावर घेतलं. एक रील बघितलं, गोधडी शिवायची सुई घेतली आणि दिसेल ते प्रत्येक भोक टोकरून काढलं. बर्नरची भोकं झाली, तरी हात थांबेना. बर्नर उचलल्यावर नळीच्या तोंडाशी एक बारीकसं पितळी टोक दिसलं, त्याला अगदी बारीक भोक होतं. त्यातही सुई घातली आणि चांगली गोल फिरवली.

शेगडी पेटवली, तर काय ज्योत! हातभर नाही, पण वीतभर नक्की. पिवळीधमक. ‘बघा बे, इंजिनीयर व्हायला पाहिजे होतं मी,’ असं म्हणून मी कॉलरही ताठ केली.

चार दिवसांत सगळे गंज बुडाला काळेकुट्ट झाले. थंडी होती, म्हणून खिडकी बंद. रात्री स्वयंपाक झाला की तिघांचंही डोकं जड व्हायचं. आम्ही म्हणायचो, अभ्यासाचा ताण. (अभ्यास किती चालला होता ते आमचं आम्हाला माहीत!) एका संध्याकाळी घरमालकीण काकू भाड्याचं विचारायला आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, ‘आधी खिडकी उघडा रे पोरांनो. आणि ती शेगडी बंद करा.’

दुसऱ्या दिवशी शेगडी उचलून गॅस दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी बर्नर काढला, ते पितळी टोक उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘का केलास बाबू हे? सुई घातली का जेटमंधी?’

मी मान खाली घातली. पुढचा अर्धा तास त्यांनी जे शिकवलं, ते बारावीच्या केमिस्ट्रीत असूनही मला कधी कळलं नव्हतं.

शेगडीच्या पोटात काय चालतं?

आपल्या घरच्या लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो, म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. आत तो दाबाखाली द्रवरूपात असतो. रेग्युलेटर हा दाब खूप कमी करून गॅस नळीत सोडतो. नळीतून तो शेगडीत येतो, नॉब फिरवला की पुढे सरकतो आणि त्या पितळी टोकाच्या, म्हणजे जेटच्या बारीक भोकातून जोरात बाहेर पडतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. वेगाने सुटलेला हा गॅस जाता जाता आजूबाजूची हवा स्वतःसोबत ओढून घेतो. बर्नरखालच्या नळीत दोघं मिसळतात आणि हे मिश्रण बर्नरच्या भोकांतून वर येऊन जळतं. ही युक्ती आपण प्रॅक्टिकलला रोज बघतो. रॉबर्ट बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचा बर्नर १८५५च्या सुमाराचा. आधी हवा मिसळायची आणि मग जाळायचं, हेच त्याचं सूत्र. आपली शेगडी म्हणजे त्याच बर्नरची नात समजा.

हवा किती लागते? प्रोपेनच्या एका रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, ब्युटेनला साडेसहा. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. गणित करून बघा. एक भाग गॅसला साधारण २४ ते ३१ भाग हवा हवी! यातली काही हवा जेटजवळ मिसळते, उरलेली ज्योतीच्या आजूबाजूने मिळते. ही हवा नीट मिळाली की ज्योत निळी, आखूड आणि शांत असते. कमी पडली की कार्बन पूर्ण जळत नाही. न जळलेले कार्बनचे कण तापून चमकतात, ती पिवळी ज्योत. तेच कण गंजाला चिकटतात, ती काजळी.

आता माझा पराक्रम बघा. समजा जेटचं भोक ०.६ मिलिमीटर आहे आणि सुईने ते ०.७ झालं. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे भोक जवळपास ३६ टक्क्यांनी मोठं झालं! गॅस तेवढा जास्त सुटला, हवा मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. ज्योत मोठी झाली म्हणून मी नाचत होतो, आणि ती ज्योत अर्धवट जळत होती.

डोकं का दुखत होतं?

अर्धवट जळणातून काजळीच येते असं नाही. कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणजे रक्त वाहत राहतं, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, सुस्ती येते. आपण म्हणतो झोप झाली नसेल. प्रमाण वाढलं की माणूस बेशुद्ध होतो आणि उठतच नाही.

आमच्या खोलीत तो किती होता, हे आम्ही काही मोजलं नाही. पण खिडकी उघडली, जेट बदललं आणि डोकेदुखी गेली. एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

बाथरूममधला गॅस गिझर याच कारणाने जास्त धोक्याचा. छोटी बंद जागा, मोठा बर्नर. तुमच्या पीजीत किंवा घरी तो असेल, तर बाथरूमला हवा खेळती आहे का, हे आजच बघा. आंघोळ करताना चक्कर आल्यासारखं वाटलं, तर नळ बंद करा, दार उघडा आणि बाहेर या. टॉवेल शोधत बसू नका, असं नाही म्हणणार. पण जो हाताला लागेल तो घ्या!

नारंगी झालं म्हणजे बिघडलंच का?

नाही. वरणाचं पाणी उतू गेलं आणि ज्योत क्षणभर भगभगून नारंगी झाली, तर घाबरू नका. ते मीठ आहे. अकरावीत फ्लेम टेस्ट केली होती ना? सोडियम ज्योतीला पिवळा रंग देतो. तसा रंग चमकतो आणि जातो, गंज काळा होत नाही. पण ज्योत कायम पिवळी, लांब, लवलवणारी असेल आणि भांडं काळं होत असेल, तर शेगडी काहीतरी सांगते आहे.

आणखी दोन खुणा ओळखून ठेवा. ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी वर तरंगते आणि फुरफुर आवाज करते, तेव्हा हवा जास्त होते आहे. आणि ‘फट्’ असा आवाज होऊन ज्योत वर दिसेनाशी होते, पण खाली नळीतून घरघर ऐकू येते, तेव्हा ज्योत उलटी आत शिरली आहे आणि जेटजवळ जळते आहे. लगेच नॉब बंद करा. बर्नर थंड होऊ द्या. तो नीट बसला आहे का, ओला तर नाही ना, हे बघितल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

पितळेच्या गावात पितळ

काकांच्या दुकानात एक गोष्ट लक्षात आली आणि हसू आलं. भंडाऱ्याची ओळखच मुळी पितळेची. इथल्या पितळी भांड्यांचं नाव दूरवर होतं, गावाला ‘ब्रास सिटी’ म्हणतात. आणि आपण रूमवर रोज ज्याच्यावर भात शिजवतो, तो चांगल्या शेगडीचा बर्नरही पितळेचाच असतो! तांबं आणि जस्त यांचा हा मिश्रधातू उष्णता सोसतो आणि सहज गंजत नाही. स्वस्त शेगड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे किंवा बिडाचे बर्नर असतात. तुमचा कुठला, हे आधी ओळखा, कारण धुण्याची पद्धत त्यावर ठरते.

पितळ असेल तर आजीचा उपाय सगळ्यात भारी. घरचा गुंड आणि घंगाळ ती कशाने घासायची? चिंचेने. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. पितळेवर जो काळपट थर बसतो तो मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा, आणि तो या आम्लांत विरघळतो. आजीने रसायनशास्त्र शिकलं नव्हतं, पण प्रॅक्टिकल पक्कं होतं. फक्त ती जी राख वापरायची, ती बर्नरला लावू नका. गुंडाला भोकं नसतात, बर्नरला असतात!

आणि एक इशारा. ‘रात्रभर भिजत ठेवा’ हा रीलवाला सल्ला ऐकू नका. आम्लात खूप वेळ ठेवलं की पितळेतलं जस्त आधी निघून जायला लागतं, आणि बर्नरवर गुलाबी, तांबूस डाग पडतात. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

मग तो लिंबू आणि इनोचा फेस? दिसायला झकास! पण समीकरण मांडून बघा. इनोत सोडा असतो, लिंबात आम्ल. दोघं एकमेकांना मारतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. बुडबुड्यांनी चिकटलेली घाण थोडी सैल होते, हे खरं. पण पितळ चमकवण्याचं काम आम्लाचं, आणि ते तर सोड्याने खर्चून टाकलं. लिंबू वेगळं वापरा, इनो पोटासाठी ठेवा.

बर्नर अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर धुण्याचा सोडा आणि ड्रेन साफ करायची पावडर यांपासून लांब. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. शेगडीजवळ हायड्रोजन! कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, एवढंच पुरे. संडास साफ करायचं अ‍ॅसिड कुठल्याच बर्नरला नको. ते धातू खातं, आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता करायला घ्या

रविवारी सकाळी एक तास काढा. नाश्त्याच्या आधी, म्हणजे शेगडी थंड असते.

पहिलं, नॉब बंद, रेग्युलेटर बंद. खिडकी आणि दार उघडं. उदबत्ती, काडीपेटी, लायटर बाजूला. शेगडी नुकतीच वापरली असेल, तर पूर्ण थंड होऊ द्या. गरम पितळ दिसायला थंड पितळेसारखंच दिसतं, हे बोट सांगतं, डोळा नाही.

दुसरं, वरच्या जाळ्या आणि बर्नर उचला. आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. मोठा बर्नर कुठला आणि छोटा कुठला, हे नंतर आठवत नाही, आणि अदलाबदल झाली की ज्योत बिघडते. बर्नर काढल्यावर उघड्या नळीवर कापड टाका, म्हणजे पाणी आणि घाण आत जाणार नाही.

तिसरं, कोमट पाण्यात थोडा साबण घालून बर्नर भिजवा. पितळी असेल तर नंतर चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळा. टूथब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा.

चौथं, बर्नरच्या भोकांतली घाण बारीक तारेने किंवा सुईने हलक्या हाताने काढा. काडी किंवा टूथपिक वापरू नका, ती आतच तुटून बसते. भोक फक्त मोकळं करायचं आहे, मोठं नाही. झालं की बर्नर उलटा करून आपटा. सुटलेली घाण खाली पडते.

पाचवं, आणि हे माझ्या भाड्याच्या पैशांतून शिकलेलं. जेटला हात लावू नका. ते बुजलं आहे असं वाटलं, तर शेगडी दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. नवं जेट बसवणं हे मोठ्या खर्चाचं काम नाही. बिघडवलेलं जेट महाग पडतं.

सहावं, बर्नर पूर्ण वाळू द्या. तासभर उन्हात ठेवा. आपल्याकडे ऊन कमी नाही! ओल्या बर्नरची भोकं पाण्याने बुजलेली असतात, ज्योत फटफट करते.

सातवं, बर्नर जागेवर बसवा आणि हलवून बघा. डगडग करत असेल, तर बसला नाही.

आठवं, रेग्युलेटर सुरू करण्याआधी वाटीत साबणाचा फेस करा. शेगडीचे नॉब बंदच ठेवून रेग्युलेटर सुरू करा आणि नळीच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरच्या जोडावर फेस लावा. बुडबुडे फुगत राहिले, तर गळती आहे. रेग्युलेटर बंद करा आणि वितरकाला कळवा. काडी पेटवून गळती शोधणारा शूर माणूस तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला हा लेख दाखवा.

नववं, आधी काडी, मग नॉब. गॅस सोडून काडीपेटी शोधत बसायचं नाही. ज्योत गोलाकार, सगळ्या भोकांतून सारखी आणि निळी आली की झालं. आता पोहे टाका!

सुट्टीवरून आल्यावर एक काम

दिवाळीत किंवा उन्हाळ्यात महिनाभर गावी जाऊन आलात, आणि शेगडी अचानक पिवळी जळते किंवा मागे भडकते? बर्नरखालची नळी बघा. कोळी, मुंग्या, झुरळं यांना अशी अंधारी, अरुंद नळी घर करायला फार आवडते. कोळ्याचं एक जाळं हवेची वाट अडवायला पुरतं. बागेत गॅसची ग्रिल वापरणारे लोक परदेशात याच त्रासाने वैतागलेले असतात. हंगामातून पहिल्यांदा ग्रिल पेटवण्याआधी नळी ब्रशने साफ करा, असं तिथे सांगितलं जातं. कोळ्यांचा हा उद्योग ग्रिलपुरताच नाही. २०११मध्ये माझदा कंपनीला अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण पेट्रोलच्या वासाने येणारे पिवळे कोळी इंधनटाकीच्या हवेच्या नळीत जाळी विणत होते!

म्हणून गावी जाताना रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा, सिलिंडरच्या तोंडाला टोपी लावा आणि शेगडीवर कापड झाका. आल्यावर कापड काढा, नळीत बॅटरीचा उजेड टाकून बघा, मगच पेटवा.

गॅदरिंगच्या आनंद मेळाव्यात स्टॉल लावणाऱ्यांनाही हेच लागू. भाड्याने आणलेली ग्रिल किंवा भट्टी आदल्या दिवशीच पेटवून बघा, ऐन गर्दीत नाही. ग्रिलवर तेल आणि मसाला गळून बर्नरवर साचतो, तो थर पेट घेतो. दर काही तासांनी बंद करून, थंड करून खरवडा. आणि स्टॉलला घरगुती लाल सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक सिलिंडर लागतो.

नळी, तारीख आणि तो ‘छोटा’ सिलिंडर

बर्नर चकाचक आणि नळी भेगाळलेली, असं असेल तर केलेली मेहनत पाण्यात. नारंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदला. ती जाळीला टेकू देऊ नका, तिच्यावर कापड गुंडाळू नका. उंदरांची वस्ती असेल तर दर आठवड्याला तिच्यावरून नजर फिरवा.

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. उदाहरणार्थ बी २८. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षातल्या त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटून गेली असेल, तर घेऊ नका. सिलिंडर देणाऱ्या दादांना तसं सांगायला लाजू नका.

आता मुद्द्याचं. आपल्यातले कितीतरी जण डोक्यावर बर्नर बसवलेला छोटा सिलिंडर वापरतात आणि तो गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून आणतात. कनेक्शन नाही, कागदपत्रं नाहीत, बजेट नाही, हे सगळं मला माहीत आहे. मीही तिथूनच आलो आहे. पण असं भरणं बेकायदा आहे आणि त्या भरण्यात किती गॅस गेला, सिलिंडरची चाचणी कधी झाली, याला काही हिशेब नाही. शिवाय आग आणि सिलिंडर यांच्यात वीतभरही अंतर नाही. याला पर्याय आहे. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर कायमच्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. इंडेनने तर २०२०मध्ये त्याचं नावच ‘छोटू’ ठेवलं. तिघांनी मिळून घ्या, रेग्युलेटर आणि साधी एक बर्नरची शेगडी लावा.

वास आला तर

एलपीजीला स्वतःचा असा वास नसतोच म्हणा. त्यात कुजक्या वासाचं मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. का? १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत वास नसलेला नैसर्गिक वायू गळत राहिला. कोणालाच कळलं नाही. स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण गेले, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. त्यानंतर गॅसला वास द्यायचा कायदा तिथे झाला. आपल्याला जो घाणेरडा वास येतो, तो त्या मुलांच्या मरणातून मिळालेला इशारा आहे. तो आला की दुर्लक्ष करायचं नाही.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. आणि आपण रूमवर कुठे झोपतो? जमिनीवर गादी टाकून. सिलिंडरच्या शेजारी! हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला, तरी एक ठिणगी पुरते.

म्हणून वास आला तर नॉब बंद, रेग्युलेटर बंद. लाइट, पंखा, एक्झॉस्ट यांचं कुठलंही बटण दाबू नका. चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. बटणातही ठिणगी असते. दारं-खिडक्या उघडा, झोपलेल्याला हलवून उठवा, बाहेर पडा आणि बाहेरून फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

‘काय होतं एवढ्याने’ हे आपलं आवडतं वाक्य. भंडाऱ्याच्या माणसाने ते आगीबद्दल तरी बोलू नये. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे इथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या आगीचा गॅसशी काही संबंध नव्हता. पण ज्या वस्तू रोज चालतात, त्या रोज चालतात म्हणून सुरक्षित असतात, हा आपला भ्रम असतो, हे त्या पहाटेनंतर आपल्याला तरी कळायला हवं.

शेवटी काकांचा हिशेब

काकांनी जेट बदललं, नळी बघितली, बर्नर ठोकून साफ केला आणि पेटवून दाखवला. निळा, गोल, शांत. मी पैसे विचारले. त्यांनी सांगितले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थोडे कमी घेतले. म्हणाले, ‘बाबू, ज्योत मोठी पाहिजे असं नसते. पूर्ण जळाली पाहिजे.’

परीक्षेच्या दिवसांत हे वाक्य बऱ्याचदा आठवलं, पण ते जाऊ द्या, लेख शेगडीवर आहे.

आता आमच्याकडे ठरलेलं आहे. उतू गेलं तर ज्याच्या हातात मोबाइल होता, तो शेगडी थंड झाल्यावर पुसणार. दर रविवारी बर्नर, पाळीपाळीने. वर्षातून एकदा शेगडी काकांकडे. गंजांचे बूड पुन्हा पांढरे झाले आहेत. काकू भाड्याला आल्या की आधी शेगडीकडे बघतात आणि मग आमच्याकडे.

आज रात्री भात ठेवाल, तेव्हा पेटवल्यावर अर्धा मिनिट मोबाइल खाली ठेवा आणि ज्योतीकडे बघा. निळी असेल तर छान. पिवळी असेल, तर आधी खिडकी उघडा.